कीबोर्ड कोणाच्या हातात? लिनक्सच्या ‘इन्स्टॉल फेस्ट’चा इतिहास आणि आपण

साताऱ्याच्या शाळेतला नळ आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लहान भीमरावाला कितीही तहान लागली तरी त्या नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहानच. नळ शाळेचा होता आणि मुलाचे नाव शाळेच्या पटावर होते. पाणी होते, विद्यार्थी होता, अडवणूक होती ती हाताची.

संगणकावरच्या लेखाची सुरुवात इथून का, असे कोणी विचारील. गेली काही वर्षे आम्ही काही जण रविवारी वस्तीतल्या वाचनालयात बसतो आणि जुने लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांना त्यावर लिनक्स बसवायला मदत करतो. अशा कार्यक्रमाला जगभर ‘इन्स्टॉल फेस्ट’ म्हणतात. चळवळीतले मित्र आम्हाला दोन गोष्टी ऐकवतात. एक, हे इंजिनिअर लोकांचे खूळ आहे. दोन, याचा चळवळीशी काय संबंध? पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच दुसऱ्याचे उत्तर द्यावेसे वाटते. त्यासाठी या फेस्टचा इतिहास पाहावा लागेल. तो लिहिला गेला आहे तो बहुतेक तंत्राच्या अंगाने. आम्ही तो हाताच्या अंगाने वाचणार आहोत.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. संगणक चालू केल्यावर जी मूळ प्रणाली जागी होते तिला ऑपरेटिंग सिस्टम म्हणतात. बहुतेकांच्या यंत्रावर ती विंडोज असते. तिची आतली रचना कंपनीच्या कुलपात असते आणि परवान्याचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरलेले असतात. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. प्रणाली कोणालाही वापरता यावी, उघडून पाहता यावी, बदलता यावी, दुसऱ्याला देता यावी, हा त्यामागचा हेतू. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या प्रणालीत बसेल असा गाभा लिहिला, तोच लिनक्स. १९९२ साली तो ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली आला. या परवान्यातली मेख अशी की, घेणाऱ्याने पुढे वाटताना त्यावर स्वतःचे कुलूप लावायचे नाही. (काटेकोर लोक या जोडीला ‘ग्नू/लिनक्स’ म्हणतात. त्यांचे बरोबर आहे, पण इथे आम्ही सोयीसाठी लिनक्स म्हणतो.)

म्हणजे १९९२ सालीच कागदावर सगळे खुले झाले होते. जात विचारायची नाही, पैसे मागायचे नाहीत, परवानगी घ्यायची नाही. आता आपल्या इतिहासातली तारीख आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला १९२३ साली. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले १९२४ साली. आणि त्या तळ्यातले पाणी प्रत्यक्ष ओंजळीत आले २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत गेली तेव्हा. मधल्या काळात तळे कायद्याने खुलेच होते! परवाना हा ठरावासारखा असतो. तो लागतोच, पण त्याने कोणाची तहान भागत नाही. दोन्ही लढ्यांची तोलामोलात बरोबरी आम्ही करत नाही. एका बाजूला माणूसपणाचा प्रश्न होता आणि लाठ्या खाल्लेली माणसे होती. दुसऱ्या बाजूला एक यंत्र आहे. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांच्यातले अंतर दोन्हीकडे सारखे दिसते, आणि ते अंतर चालून जायला दोन्हीकडे माणसे एकत्र यावी लागली.

नव्वदच्या दशकात लिनक्स बसवणे हा खरोखर छळ होता. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे सुरू झाली. स्लॅकवेअर डझनावारी फ्लॉप्यांवर यायचे. त्यातली एक खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. हार्ड डिस्कचे भाग पाडताना एक आकडा चुकला की आधीचे सगळे गेले. चित्रमय पडदा सुरू करायचा तर मॉनिटरची वारंवारिता स्वतः भरावी लागे, आणि ती भलतीच भरली तर मॉनिटर बिघडण्याची भीती. काही मोडेम तर असे बनवलेले होते की विंडोजशिवाय ते नुसते ठोकळे. पुस्तकी माहिती इंटरनेटवर, आणि इंटरनेट लागणार ते संगणक चालू झाल्यावर!

यातून अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियाच्या सिलिकॉन व्हॅलीत, लिनक्स वापरणाऱ्यांचे गट उभे राहिले आणि त्यांनी इन्स्टॉल फेस्ट सुरू केले. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी विद्यापीठाच्या किंवा एखाद्या कंपनीच्या खोलीत टेबले मांडायची, नवख्यांनी आपले जड मॉनिटर आणि सीपीयू गाडीत घालून आणायचे, जाणत्यांनी बसवून द्यायचे, मग सगळ्यांनी पिझ्झा खायचा. फी नाही, नफा नाही. हे आम्ही कौतुकानेच सांगतो. दुकानदारीच्या बालेकिल्ल्यात कोणी अनोळखी माणसासाठी शनिवार देतो ही लहान गोष्ट नव्हे.

त्यांना आपल्या कामातले राजकारणही कळत होते. विंडोजच्या परवानापत्रात लिहिलेले असे की अटी मान्य नसतील तर विक्रेत्याकडून परतावा घ्या. त्या एका वाक्यावर बोट ठेवून १५ फेब्रुवारी १९९९ रोजी लिनक्सवाले कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर सिटीत मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर चालून गेले. आम्ही विंडोज वापरले नाही, आमचे पैसे परत करा, ही मागणी. कंपनीने त्यांचे शीतपेये देऊन स्वागत केले आणि परताव्यासाठी यंत्र बनवणाऱ्यांकडे बोट दाखवले. यंत्र बनवणारे कंपनीकडे बोट दाखवतच होते. निवेदन घेऊन तहसीलपासून कलेक्टरपर्यंत आणि तिथून परत फिरलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही मोठ्या शहरांत आणि महाग. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटली. ती सीडी म्हणजे इथल्या पहिल्या पिढीचा दरवाजा. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर इथे गट झाले, इन्स्टॉल फेस्ट झाले. आता समाजशास्त्राचा साधा प्रश्न विचारू. त्या वेळी ही सीडी कोणाच्या घरी पोहोचली? ज्या घरात इंग्रजी मासिक येत होते, टेलिफोन होता, आणि संगणक विकत घेण्याइतके पैसे होते तिथे. पोरगा इंजिनिअरिंग कॉलेजात होता आणि रविवार मोकळा होता. ही यादी वाचली की जातीचा उल्लेख वेगळा करावा लागत नाही. या मंडळींनी कोणाला दारातून हाकलले नाही. ते मनापासून म्हणत की इथे कोडवरून माणूस ओळखला जातो, आडनावावरून नाही. पण ज्याला आडनावाचे चटके बसले नाहीत त्यालाच ते अदृश्य वाटते. खुल्या दाराची खोली कोणत्या मोहल्ल्यात आहे, तिथली भाषा कोणती आहे, तिथे प्रश्न विचारला की हसतात का, यावर आत कोण येणार ते ठरते. ‘आधी मॅन्युअल वाच, मग विचार’ हे त्या वर्तुळातले ठरलेले उत्तर होते. मॅन्युअल अर्थातच इंग्रजीत.

हा प्रश्न जातीच्या नावाने तिथे कोणी विचारला नाही, पण लिंगभावाच्या नावाने विचारला गेला. २००२ साली व्हॅल हेन्सन या प्रोग्रामर बाईंनी लिनक्समध्ये स्त्रियांना प्रोत्साहन कसे द्यावे यावर एक मार्गदर्शक लिहिले. त्यात पुरुषांना केलेली एक सूचना अशी की, बाईला काही शिकवताना तिच्या हातातून कीबोर्ड काढून घेऊ नका. एवढी साधी गोष्ट. मदत करणारा उत्साहाने पुढे होतो, ‘थांब, मी करतो’ म्हणतो, बोटे भराभर चालवतो आणि पाच मिनिटांत काम संपवतो. समोरची व्यक्ती बघत राहते. तिला यंत्र चालू होऊन मिळते, पण ते कसे चालू झाले हे त्याच्याकडेच राहते. पुढच्या वेळी अडले की पुन्हा त्यालाच शोधायचे.

हे वाचताना आम्हाला विहिरीवरची आपली आजी दिसली. रिकामा हंडा घेऊन उभी, कोणीतरी वरून पाणी ओतील याची वाट बघणारी. ओतणारा दयाळू असेल, रोज ओतत असेल. तरी दोर त्याच्याच हातात. दयाळू शिपाई हा नळावरच्या हक्काला पर्याय होत नाही.

इन्स्टॉल फेस्टच्या पुढच्या इतिहासात म्हणूनच आम्हाला महत्त्वाची वाटतात ती अमेरिकेबाहेरची उदाहरणे. २००५ साली लॅटिन अमेरिकेत ‘फ्लिसोल’ सुरू झाले, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर बसवून देण्याचा उत्सव. एकाच दिवशी अनेक देशांतल्या अनेक शहरांत, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषेत, स्थानिक गट आपापल्या बळावर तो करतात. पुढे त्यासाठी एप्रिलचा चौथा शनिवार ठरला. एप्रिल महिना आपल्याला वेगळा सांगायला नको. जयंतीच्या वर्गणीतून जेवढा खर्च एका डीजेवर होतो तेवढ्यात किती जुने लॅपटॉप उभे राहतील, हा हिशेब आम्ही एकदा बैठकीत मांडला होता. त्यावर काय ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

केरळचे उदाहरण याहून मोठे आहे. २००१ साली तिथे सरकारी शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी जुलैत तिरुवनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचे उद्घाटन झाले. सुरुवातीचा अभ्यासक्रम विंडोजभोवती होता. शिक्षक संघटनेने त्याला विरोध केला: सरकारी शाळेतली मुले एका कंपनीची गिऱ्हाइके म्हणून का तयार करायची? वाद झाले, आधी लिनक्स पर्याय म्हणून आले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात शाळांतले संगणक शिक्षण आणि दहावीची आयटी परीक्षा लिनक्सवर गेली. २०१९ साली शाळांसाठी घडवलेल्या प्रणालीची नवी आवृत्ती आली ती दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी.

यातली खरी गोष्ट आकड्यात नाही. एवढी यंत्रे तयार करायला बाहेरून इंजिनिअर आणले असते तर ते काम ठेकेदारीचे झाले असते. केरळने गणित, मल्याळम, समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनाच प्रशिक्षण दिले; शाळेतल्या संगणकाची जबाबदारी त्यांच्यातल्याच एकावर दिली. ज्या बाई सकाळी व्याकरण शिकवतात त्याच दुपारी संगणक प्रयोगशाळेत सीडी घालून प्रणाली बसवतात, हे मुलांनी पाहिले. हे ज्ञान ‘त्या लोकांचे’ असते ही समजूत तिथे मोडते. केरळ जातमुक्त आहे असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण सरकारी शाळा, संघटित शिक्षक आणि मातृभाषा या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते तिथे दिसले.

आणि बंगळूर. आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती बांधणाऱ्या, झाडणाऱ्या माणसांच्या वस्त्या त्याच शहरात आहेत. बन्नेरघट्टा रस्त्याच्या बाजूला अशाच एका वस्तीत मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी दान मिळालेल्या जुन्या संगणकांवर एक केंद्र उभे केले. नाव ठेवले ‘आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर’. आठवडाभर कंपनीत काम करणारे तरुण शनिवार-रविवार तिथे शिकवायला जात. हेच कार्यकर्ते पुढे ‘फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट कर्नाटक’ म्हणून ओळखले गेले. मजुरांची मुले तिथे ‘गिंप’वर चित्रे काढू लागली, आणि मोठी मुले लहानांना शिकवू लागली. बाबासाहेबांचे नाव एखाद्या पुलाला किंवा चौकाला देणे आणि वस्तीतल्या संगणक केंद्राला देणे यात फरक आहे. दुसऱ्या नावाखाली रोज कोणीतरी काहीतरी शिकते. आमच्या वाचनालयातल्या रविवारची कल्पना तिथूनच आली.

आता आमची चूक सांगतो, कारण तिच्याशिवाय वरचे सगळे पोपटपंची ठरेल. पहिल्याच वर्षी एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. आमच्यातला एक जण सराईत होता. त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, मुलाला म्हणाला, तू चहा घेऊन ये. बसवताना एका ठिकाणी विचारतात: विंडोजच्या शेजारी बसवू की सगळी डिस्क पुसून बसवू? घाईत दुसरा पर्याय दाबला गेला. मुलगा चहा घेऊन आला तेव्हा त्याच्या जातप्रमाणपत्राची, गुणपत्रिकांची स्कॅन आणि दोन वर्षांच्या स्पर्धा परीक्षेच्या नोंदी गेल्या होत्या. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती घरी होत्या म्हणून निभावले. नोंदी परत आल्या नाहीत. तो आमच्यावर ओरडला नाही, ‘जाऊ द्या दादा’ म्हणाला. त्याचाच आम्हाला जास्त त्रास झाला. स्वतःच्या यंत्राबद्दल जाब विचारायचा हक्क आपल्याला आहे असे त्याला वाटलेच नव्हते, आणि आम्ही त्याला तसे वाटू दिले होते. कीबोर्ड त्याच्या हातात असता, प्रश्न मराठीत त्याने स्वतः वाचला असता, तर तो थांबला असता.

तेव्हापासून आम्ही यंत्राला हात लावत नाही. आधी पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर सगळ्या फायलींची प्रत, ती उघडून बघायची, मगच पुढे. विंडोज कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यायची. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून पाहायचे: वायफाय लागते का, आवाज येतो का. पटले तर बसवायचे, आणि बसवायचे ते ज्याचे यंत्र त्याने. आम्ही शेजारच्या खुर्चीत. वेळ तिप्पट लागतो. सराईत मित्राला हात मांडीखाली घेऊन बसावे लागते, शब्दशः. डेबियन बसवताना भाषा म्हणून मराठी निवडता येते. पहिल्यांदा अनेक जण लाजून इंग्रजीच निवडतात आणि दोन पडद्यांनंतर परत मागे येतात.

प्रश्न संपले असे नाही. काही लॅपटॉपचे वायफाय कुलूपबंद ड्रायव्हरशिवाय चालत नाही. स्टॉलमन यांनी २०१९ साली यावर एक गमतीदार लेख लिहिला. इन्स्टॉल फेस्टमध्ये असा ड्रायव्हर गुपचूप बसवू नका. कोपऱ्यात सैतानाचे सोंग घेतलेला माणूस बसवा आणि ज्याला हवा त्याने त्याच्याकडून घ्यावा, म्हणजे सौदा कशाचा झाला हे कळेल. आम्ही शिंगे लावत नाही, पण तडजोड लपवत नाही. तडजोड करणे वेगळे आणि ती तत्त्व म्हणून विकणे वेगळे, हे आपल्या राजकारणाने आपल्याला पुरते शिकवले आहे. दुसरा प्रश्न पालकांचा. नोकरीच्या अर्जात एमएस-सीआयटी मागतात, टायपिंगची परीक्षा विंडोजवर होते, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे. अशा वेळी दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवतो. पोराची नोकरी पणाला लावून आम्हाला शुद्धता पाळायची नाही.

तिसरा प्रश्न जुन्या फायलींचा. चळवळीतली पत्रके, गीतांच्या वह्या, स्मरणिका वर्षानुवर्षे विकतच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झाल्या. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या उघडल्या की नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या डीटीपीवाल्यांपर्यंत ती फार उशिरा पोहोचली. एका ज्येष्ठ शाहिरांच्या मुलीने वडिलांची पन्नासेक गाणी अशाच फायलींत आणली होती. ती युनिकोडमध्ये उतरवायला आम्हाला चार रविवार लागले; जोडाक्षरे तिनेच एकेक करून दुरुस्त केली, कारण चाल तिलाच माहीत होती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सुरक्षा-पाठिंबा थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेला ‘जुनी’ ठरली. युरोपात यावर ‘एंड ऑफ १०’ नावाची मोहीम निघाली आणि दुरुस्ती कॅफेंमधून पुन्हा इन्स्टॉल फेस्ट भरू लागले. आपल्याकडे ही टाकलेली यंत्रे लॅमिंग्टन रोडवर आणि जिल्ह्याच्या गावच्या सेकंड हँड दुकानांत येत आहेत, आणि शिष्यवृत्तीच्या पैशातून ती घेतो आहे आपला पहिल्या पिढीचा विद्यार्थी. दुकानदार त्यावर चोरीचे विंडोज टाकून देतो, सहा महिन्यांनी ते अडते, तो पुन्हा पाचशे रुपये घेतो.

ज्या मुलाच्या नोंदी आम्ही घालवल्या तो मागच्या पावसाळ्यापासून दर रविवारी येतो. शेजारच्या खुर्चीत तोच बसतो, आणि कोणी फायलींची प्रत न काढता पुढे निघाला की त्याचा आवाज चढतो. येत्या रविवारी नर्सिंगच्या सात मुली लॅपटॉप घेऊन येणार आहेत. आमच्याकडे रिकामी डिस्क एकच आहे. कोणाकडे जुनी पाचशे जीबीची पडून असेल तर घेऊन या, आणि तास-दोन तास बसायची तयारी ठेवा. हात मांडीखाली.